गाभ्यातले तारे सुटे करताना

निघायच्या आधी

अवकाश-छायाचित्रण करणाऱ्यांमध्ये गोलाकार तारकागुच्छांना, म्हणजे ताऱ्यांच्या दाट गोल पुंजक्यांना, फारसा मान नाही. तेजोमेघांना रंग असतात, दीर्घिकांना सर्पिल हात असतात. तारकागुच्छ मात्र सगळे सारखेच, एक पाहिला की सगळे पाहिले, असं सर्रास बोललं जातं. मला हे मुळीच मान्य नाही. गाभा जळून पांढरा झाला की एम १३ काय आणि एम ३ काय, दोन्ही पांढरे गोळेच दिसणार. (एम म्हणजे फ्रेंच निरीक्षक शार्ल मेसिए याच्या यादीतला क्रमांक.) पण गाभ्यातले तारे सुटे दिसले आणि त्यांचे रंग टिकले, तर या दोघांत गल्लत होणं अवघड आहे.

हे पडताळून पाहायचं म्हणून एप्रिलच्या अमावस्येच्या आसपासच्या रात्री फक्त याच कामासाठी राखून ठेवल्या. अट अशी की दुर्बीण एक, कॅमेरा एक आणि मोजपट्टीही एक. कोणताही तारकागुच्छ नंतर कापून मोठा करायचा नाही. दुर्बीण ८ इंची न्यूटोनियन, नाभीय अंतर १००० मिलिमीटर, म्हणजे एफ/५. मागे थंड करता येणारा रंगीत कॅमेरा, ३.७६ मायक्रॉनच्या पिक्सेलचा. पिक्सेलच्या मायक्रॉनना नाभीय अंतराच्या मिलिमीटरनी भागून २०६.२६५ ने गुणलं की दर पिक्सेलला ०.७८ आर्कसेकंद (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) येतात. चौरस सेन्सरवर आकाशाचा साधारण ३९ आर्कमिनिटांचा तुकडा मावतो, म्हणजे पूर्णचंद्राहून थोडा मोठा. वसंतातले बहुतेक सगळे तारकागुच्छ एवढ्यात बसतात.

एप्रिल निवडला त्यालाही कारण आहे. या दिवसांत मध्यरात्रीच्या सुमारास नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी आणि श्यामशबलातला एम ३ जवळपास एकाच वेळी याम्योत्तरावर, म्हणजे डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर, येतात, एक दक्षिणेला खाली आणि एक जवळजवळ डोक्यावर. त्यांच्यामागून एम ५, मग वृश्चिकातले एम ८० आणि एम ४, मग शौरीतला एम १३ आणि पहाटे पहाटे धनूतला एम २२. एका रात्रीत एवढी रांग क्रमाने समोरून जाते, अशी सोय वर्षात फार थोडे दिवस असते.

सोबतीला काका होते. त्यांना आकाश बघणारे सगळेच काका म्हणतात. त्यांच्याकडे १२ इंची डॉब्सोनियन, म्हणजे हाताने फिरवायची साधी दुर्बीण, आहे आणि कॅमेऱ्याला ते हात लावत नाहीत. डोळा, पेन्सिल आणि लाल दिव्याखाली धरलेली चित्रवही, एवढंच त्यांचं साहित्य.

पहिला दिवस

दुपार कलायच्या आत पठारावर पोचलो. दक्षिणेकडचं क्षितिज मोकळं आहे ना, हे सगळ्यात आधी पाहिलं. पठार विषुववृत्तापासून फार लांब नाही, तरीही ओमेगा सेंटॉरी जास्तीत जास्त २५ अंशांपर्यंतच वर येतो. मध्ये एखादी टेकडी आली असती तर पहिल्याच रात्रीच्या बेतावर पाणी पडलं असतं.

ऊन उतरल्यावर दुर्बीण फिरवणारा माउंट उभा केला, वजनं तोलली आणि नळीची झाकणं काढून आरसा थंड व्हायला सोडला. जाड आरसा हवेपेक्षा गरम असेल तर त्याच्यावर गरम हवेचा थर हलत राहतो आणि तारे फुगतात. त्याला तास-दीड तास देणं भाग असतं. तोवर लेझर लावून कॉलिमेशन, म्हणजे आरशांची जुळणी, केली. एफ/५ च्या न्यूटोनियनला आरशांची मांडणी केसभर हलली तरी तारे एका बाजूला शेपटी काढतात, आणि तारकागुच्छाच्या फोटोत ताऱ्यांशिवाय दुसरं काही नसतंच. तेजोमेघात असली शेपटी खपून जाते. इथे ती हजारो ठिकाणी दिसते.

अंधार पडल्यावर ध्रुवताऱ्यावर अक्ष जुळवला, एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंटची चाल सुधारत राहणारं गायडिंग सुरू केलं. काकांनी मीटर वर धरून आकाशाची प्रत, म्हणजे तेजस्वितेचा आकडा (जितका मोठा तितका उजेड कमी), मोजली: २१.४. तारकागुच्छांना याहून उजळ आकाशही चालून जातं. त्यांना खरी गरज स्थिर हवेची असते.

ओमेगा सेंटॉरी नुसत्या डोळ्यांना धुरकट ताऱ्यासारखा दिसतो. टॉलेमीने त्याची नोंद तारा म्हणूनच केली होती आणि १६०३ साली बायरने त्याला ओमेगा हे अक्षर दिलं तेही तारा समजूनच. १६७७ साली सेंट हेलेना बेटावरून एडमंड हॅलीने तो तारा नसल्याचं टिपलं. साधारण १७ हजार प्रकाशवर्षांवर, सुमारे एक कोटी ताऱ्यांचा हा समूह आपल्या आकाशगंगेच्या तारकागुच्छांमध्ये सगळ्यात मोठा. आकाशगंगेने कधीकाळी गिळलेल्या एका छोट्या दीर्घिकेचा हा उरलेला गाभा असावा, असं पुष्कळ अभ्यासकांचं मत आहे. २०२४ साली हबलच्या वीसएक वर्षांच्या प्रतिमा पडताळताना त्याच्या मध्याजवळ सात अतिवेगवान तारे सापडले. ते तिथेच टिकून राहायचे तर तिथे किमान ८,२०० सूर्यांच्या वस्तुमानाचं कृष्णविवर हवं.

पहिली १५ सेकंदांची फ्रेम पडद्यावर उतरली तेव्हा चौकट काठोकाठ भरलेली होती. आणि तो गोल नव्हता! स्वतःभोवती फिरल्यामुळे तो किंचित चपटा झाला आहे, आणि पहिल्याच कच्च्या फ्रेममध्ये ते स्पष्ट दिसत होतं.

त्या फ्रेममध्ये २०० टक्के मोठं करून पाहिलं तर प्रत्येक ताऱ्याची वरची कड निळसर आणि खालची लालसर होती. क्षितिजाजवळ वातावरण लोलकाचं काम करतं. २५ अंशांवर तारा असला की त्याचा प्रकाश डोक्यावरच्यापेक्षा सव्वादोन पटीहून जास्त हवेतून येतो. निळा प्रकाश लाल प्रकाशापेक्षा अधिक वाकतो, त्यामुळे निळी प्रतिमा थोडी वर सरकते. एकट्या ताऱ्याला ते शोभूनही जाईल. पण गाभ्यात तारे एकमेकांना खेटून असतात, तिथे एकाची निळी कड दुसऱ्याच्या लाल कडेवर चढते आणि सगळं पांढुरकं होऊन जातं. इलाज सोपा आहे: लाल, हिरवा आणि निळा असे तीन थर वेगळे काढायचे, प्रत्येक थर स्वतंत्रपणे हिरव्यावर जुळवायचा आणि मग एकत्र आणायचे. तो इलाज दुसऱ्या दिवशी दुपारी केला आणि गाभ्यातल्या नारिंगी तांबड्या राक्षसी ताऱ्यांचा रंग परत आला.

दुसरा दिवस

रात्र पडली तीच ताऱ्यांच्या थरथराटाने. चित्रासुद्धा स्थिर नव्हती. वर कुठेतरी वेगवान वारे वाहत होते, खाली मात्र पानही हलत नव्हतं. फ्रेममध्ये ताऱ्याची रुंदी मोजली तर ४ आर्कसेकंद. चांगल्या रात्री तीच २.२ पर्यंत येते. आकड्यांत फरक दुपटीहून कमी वाटतो, पण रुंदी दुप्पट झाली की क्षेत्रफळ चौपट होतं. तोच प्रकाश तिपटीहून जास्त जागेवर पसरतो, मंद तारे पार्श्वभूमीत बुडतात आणि शेजारचे एकमेकांत मिसळतात.

अशा रात्री घट्ट तारकागुच्छांच्या नादी लागू नये, विरळ निवडावेत. हार्लो शॅप्ली आणि हेलन सॉयर या खगोलशास्त्रज्ञांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस तारकागुच्छांचे बारा वर्ग पाडले. पहिला सगळ्यात घट्ट, बारावा सगळ्यात विरळ. माझ्या लेखी रात्रीचा बेत ठरवायला आजही यासारखं साधन नाही. एम ८० दुसऱ्या वर्गात, एम १३ पाचव्या, एम ४ नवव्या. म्हणून ज्येष्ठा वर येईपर्यंत थांबून एम ४ घेतला.

एम ४ ज्येष्ठेच्या पश्चिमेला जेमतेम सव्वा अंशावर आहे, त्यामुळे शोधायला सगळ्यात सोपा. सुमारे ६ हजार प्रकाशवर्षं म्हणजे आपल्याला सगळ्यात जवळच्या तारकागुच्छांपैकी एक. मेसिएला आपल्या दुर्बिणीतून ज्याचे तारे सुटे दिसले असा हा एकच गोलाकार तारकागुच्छ. मधोमध ताऱ्यांची एक सरळ पट्टी उत्तर-दक्षिण जाते. विल्यम हर्शेलने १७८३ साली तिची नोंद केली आहे. खराब हवेतही ती पहिल्या फ्रेमपासून दिसली, कारण तिथले तारे मुळात लांब लांब आहेत.

रंग मात्र निराळाच आला, सगळा गुच्छ पिवळट तपकिरी. हवेचा किंवा कॅमेऱ्याचा दोष नाही. आपल्या आणि एम ४ च्या मध्ये वृश्चिक-भुजंगधारीतले धुळीचे ढग आहेत आणि ते निळा प्रकाश अधिक अडवतात. काही जण प्रक्रिया करताना हा पिवळेपणा 'दुरुस्त' करून टाकतात. माझ्या मते ती धूळ हा त्या फोटोचा अर्धा विषय आहे. १३५ मिलिमीटरची लेन्स लावून त्याच भागाचं मोठं क्षेत्रही घेतलं: ज्येष्ठेभोवतीचा पिवळा ढग, ऱ्हो ओफियुकीचा निळा, त्यांच्यात शिरणाऱ्या काळ्या गल्ल्या आणि एका कोपऱ्यात एम ४. ते चित्र पाहिल्यावर त्याचा रंग असा का, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

तिसरा दिवस

दिवसभर झोप आणि डार्क फ्रेम्स, म्हणजे झाकण लावून कॅमेऱ्याची स्वतःची खरखर टिपणाऱ्या फ्रेम्स. संध्याकाळी आभाळाला एक निवांतपणा होता. काकांनी स्वातीवर दुर्बीण लावली आणि हाक मारली, "अगं, आज कडी दिसतायत बघ." दोनशेपट मोठं करूनही फोकसबाहेरच्या ताऱ्याभोवतीची वलयं अखंड, न थरथरता. अशा हवेची वाट पाहत माणूस महिने काढतो.

आधी एम ५ घेतला. १७०२ साली गॉटफ्रीड किर्श आणि मारिया मार्गारेठा किर्श या दांपत्याला धूमकेतू बघताना तो सापडला होता. सुंदर आहे, गाभ्यातून बाहेर पडणाऱ्या ताऱ्यांच्या साखळ्या एका बाजूला अधिक लांब. पण डोक्यात एम १३ होता, त्यामुळे त्याला तासाभरात निरोप दिला.

एम १३ पहाटे तीन-साडेतीनच्या सुमारास सगळ्यात उंच येतो. त्याच्या आधी फोकस. अॅल्युमिनियमची नळी दर अंश सेल्सिअसला मीटरमागे सुमारे २३ मायक्रॉन आक्रसते. एफ/५ ला फोकस चालू शकण्याची पट्टी साधारण ६५ मायक्रॉन रुंद. म्हणजे पारा तीन अंश उतरला की ती पट्टी संपली, आणि संध्याकाळपासून तोपर्यंत पारा सहा अंश उतरलेला होता. मी दर दोन अंशांना थांबून दुर्बिणीच्या तोंडावर बॅटिनॉव्ह मास्क ही फटींची जाळी लावते. ताऱ्यातून तीन रेघा निघतात, त्यातली मधली रेघ इतर दोघींच्या छेदावर अचूक बसेपर्यंत फोकसर बोटाने ढकलायचा. मधली रेघ एका पिक्सेलनेही बाजूला राहिली तर सोडायचं नाही. त्या रात्री ताऱ्याची रुंदी २.१ वर आली.

आता एक्स्पोजरचा प्रश्न. या छंदात सगळा जोर प्रकाश जास्तीत जास्त गोळा करण्यावर असतो, पाच मिनिटं, दहा मिनिटं, आणखी लांब. तारकागुच्छाला हातचं राखून द्यावं लागतं. एम १३ चे सगळ्यात तेजस्वी तारे बाराव्या प्रतीच्या आसपासचे आहेत. दोन मिनिटांच्या फ्रेममध्ये त्यांचे पिक्सेल काठोकाठ भरतात. एकदा भरले की रंग गेला, आणि तो कोणत्याही प्रक्रियेने परत येत नाही. म्हणून गेन (कॅमेऱ्याने संकेत वाढवण्याचं प्रमाण) कमी ठेवून १५ सेकंदांच्या पुष्कळ फ्रेम्स गाभ्यासाठी, ६० सेकंदांच्या मधल्या भागासाठी आणि थोड्या १२० सेकंदांच्या बाहेरच्या विरळ ताऱ्यांसाठी. छोट्या फ्रेम्सचा आणखी एक फायदा आहे. हवा मध्येच बिघडली तर तेवढ्याच फ्रेम्स वगळता येतात. मी ताऱ्याची रुंदी पाहून चाळणी लावते आणि निम्म्या फ्रेम्स टाकल्या तरी मला वाईट वाटत नाही.

फ्रेम्स येत असताना काकांनी पुन्हा बोलावलं. "प्रोपेलर बघून घे." एम १३ च्या गाभ्याच्या आग्नेयेला तीन काळसर पट्ट्या एका बिंदूत मिळतात, पंख्याच्या तीन पात्यांसारख्या. एकोणिसाव्या शतकात लॉर्ड रॉसच्या आयर्लंडमधल्या बर किल्ल्यातल्या मोठ्या दुर्बिणीतून त्या पहिल्यांदा टिपल्या गेल्या. मी आयपीसला डोळा लावला. आधी फक्त तारे, रांगोळीची चिमूट काळ्या फरशीवर सांडावी तसे. नजर किंचित बाजूला नेली आणि पट्ट्या उमटल्या, आधी एक, मग तिन्ही.

"तुझ्या फोटोत येतायत का?" काकांनी विचारलं.

"सरळ स्ट्रेच केला, म्हणजे उजेड सरसकट वर ओढला, तर नाही येत, काका. गाभ्याबरोबर त्याही उजळून जातात."

"मग डोळ्याला कशा दिसतात?"

याचं उत्तर डोळ्याच्या रचनेत आहे. प्रकाश दहापट झाला तर डोळ्याला तो दहापट वाटत नाही, एक पायरी वर गेल्यासारखा वाटतो. त्यामुळे गाभा आणि कडा दोन्ही एकाच वेळी दिसतात. सेन्सर मात्र प्रत्येक फोटॉन तितकाच मोजतो. काकांना जे नजर वळवून मिळतं, ते मला गणिताने मिळवावं लागतं. ते काम दिवसाचं.

त्याच चौकटीत, एम १३ पासून अर्ध्या अंशाच्या आत, ईशान्येला एनजीसी ६२०७ ही छोटी सर्पिल दीर्घिका बसली. तारकागुच्छ साधारण २२ ते २५ हजार प्रकाशवर्षांवर, दीर्घिका कोट्यवधी प्रकाशवर्षांवर. दोघांच्या मधोमध आणखी एक इवलासा लांबट ठिपका आहे, आयसी ४६१७. तोही एक दीर्घिकाच! पंधराव्या प्रतीचा तो ठिपका ६० सेकंदांच्या एकट्या फ्रेममध्ये दिसला, यावरून त्या रात्रीची हवा कळावी.

चौथा दिवस

दुपारभर एम १३ वर काम. फ्लॅट (सारख्या उजेडात घेतलेल्या दुरुस्तीच्या फ्रेम्स), डार्क लावून तिन्ही संच वेगवेगळे स्टॅक केले, म्हणजे प्रत्येकाच्या फ्रेम्स एकावर एक रचून एक चित्र केलं. मग स्ट्रेच. नेहमीच्या वक्राने मधले उजेड वर ओढले की तेजस्वी तारे आधी पांढरे पडतात. २००४ साली रॉबर्ट लप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रंगीत खगोलीय चित्रांसाठी आर्कसाइनएच हे गणिती फल वापरण्याची पद्धत मांडली. मंद प्रकाशाला हे फल सरळ रेषेसारखं वागवतं आणि तेजस्वी प्रकाशाला लॉगरिदमसारखं, म्हणजे बरंचसं काकांच्या डोळ्यासारखं. शिवाय लाल, हिरवा, निळा या तिघांना एकाच गुणकाने गुणलं जात असल्यामुळे त्यांचं आपसातलं प्रमाण तसंच राहतं. तारा उजळतो, पण त्याचा रंग बदलत नाही.

पडद्यावर हळूहळू गुणक वाढवत गेले. आधी नारिंगी तारे वर आले, हे म्हातारे तांबडे राक्षसी तारे. मग त्यांच्या मध्ये मध्ये, थोडे मंद, निळे. तारकागुच्छाचं वय बारा अब्ज वर्षांच्या आसपास, मग निळे तारे कसे? हे तरुण नाहीत. राक्षसी अवस्था ओलांडून गाभ्यात हेलियम जाळणारे आणि वरचं आवरण पातळ झाल्यामुळे तापलेले हे तारे आहेत. एम १३ मध्ये ते भरपूर आहेत. आग्नेयेला तिन्ही काळ्या पट्ट्या जागेवर होत्या. काकांनी चित्रवही शेजारी धरली, एका पट्टीचा कोन त्यांनी किंचित जास्त काढला होता. त्यांनी तो खोडला नाही, बाजूला नुसती खूण केली.

रात्री ढग आले. दीडच्या सुमाराला वृश्चिकाकडे आभाळ फाटलं आणि हवा आदल्या रात्रीसारखीच शांत होती. मग एम ८० शिवाय दुसरं काय घ्यायचं! एम ४ पासून आकाशात जेमतेम चार अंशांवर, पण प्रत्यक्षात पाचपटीहून अधिक लांब. दुसऱ्या वर्गाचा, अगदी आवळलेला. १५ सेकंदांतही गाभा भरत होता, म्हणून ५ सेकंदांवर आले. मे १८६० मध्ये या गाभ्यात एक नवतारा उजळला, टी स्कॉर्पी. सातव्या प्रतीपर्यंत चढला आणि काही दिवस एकट्याने सगळ्या तारकागुच्छाला झाकून टाकलं. जुळणीनंतर गाभ्याच्या कडेचे तारे सुटले. अगदी मध्य मात्र सुटला नाही, ८ इंचांत तो सुटणारही नाही. त्याला कृत्रिम धार देऊन खोटे तारे उभे करण्यापेक्षा तो तसाच धूसर ठेवला.

पहाटे उजाडण्याआधी धनूतला एम २२. १६६५ साली अब्राहम इले यांना दिसलेला, नोंद झालेला पहिला गोलाकार तारकागुच्छ. आकाशगंगेच्या पट्ट्यातच असल्याने त्याची हद्द कुठे संपते आणि मागचे तारे कुठे सुरू होतात, हे ठरवता येत नाही. फ्रेम्स चालू असताना दक्षिणेकडे नुसती मान वर करून उभी राहिले. धनू, वृश्चिक, भुजंगधारी: आकाशाच्या या एवढ्याशा भागात आपल्या दीडशेहून अधिक तारकागुच्छांचा मोठा हिस्सा गोळा झाला आहे, आणि विरुद्ध बाजूला, मृग-सारथीकडे, जवळजवळ शुकशुकाट. १९१८ साली शॅप्लीने याच विषमतेवरून सांगितलं की तारकागुच्छांचा केंद्रबिंदू धनूच्या दिशेला आहे, म्हणजे आकाशगंगेचं केंद्रही तिकडेच, आणि सूर्य त्यापासून खूप दूर, एका बाजूला. मधल्या धुळीने अडवलेला प्रकाश तेव्हा हिशेबात धरला नव्हता, त्यामुळे त्याचं अंतर फार मोठं निघालं. आज ते साधारण २६ हजार प्रकाशवर्षं मानतात. दिशा मात्र बरोबर होती. ती समजायला ज्या वस्तूंचा उपयोग झाला त्यांना 'सगळे सारखेच' म्हणून बाजूला सारतात, याचा मला खरंच राग येतो.

पाचवा दिवस

शेवटची पूर्ण रात्र एकट्या एम ३ साठी. अंधार पडल्यापासून उजाडेपर्यंत तो आकाशात असतो. बेत साधा होता: ६० सेकंदांच्या फ्रेम्स रात्रभर, न थांबता. मध्यरात्रीनंतर माउंट उलटवावा लागला, कारण एम ३ जवळजवळ डोक्यावरून जातो आणि नळी खांबाला टेकायला येते. तेवढी काही मिनिटं सोडली तर कॅमेरा चालूच होता.

एम ३ ही मेसिएने स्वतः शोधलेली पहिली वस्तू, १७६४ सालची. सुमारे ३४ हजार प्रकाशवर्षं, पाचेक लाख तारे. पण माझं लक्ष त्याच्या रूपविकारी, म्हणजे प्रकाश कमीजास्त होणाऱ्या, ताऱ्यांवर होतं. १८९० च्या दशकात हार्वर्ड वेधशाळेच्या सोलोन बेली यांनी काचेच्या छायाचित्रपट्ट्या एकमेकींशी ताडून तारकागुच्छांमधले असे तारे ढिगाने शोधले. पेरूतल्या अरेकिपाहून ओमेगा सेंटॉरीचंही काम त्यांनी केलं, आणि या ताऱ्यांचे त्यांनी पाडलेले ए, बी, सी हे प्रकार अजून वापरात आहेत. आज त्यांना आरआर लायरी तारे म्हणतात. अर्ध्या दिवसाच्या आसपासचं आवर्तन, आणि त्यात प्रकाश सुमारे एका प्रतीने, म्हणजे अडीचपट, कमीजास्त. सगळ्यांची खरी तेजस्विता जवळपास सारखी, त्यामुळे ते किती मंद दिसतात यावरून अंतर काढता येतं. एम ३ मध्ये असे दोनशेहून अधिक आहेत. एम १३ मध्ये हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. दोघांच्या ताऱ्यांमध्ये जड मूलद्रव्यांचं प्रमाण जवळपास सारखं असूनही हा फरक का, यावर अभ्यासकांनी अनेक दशकं डोकं घातलं आहे.

पहाटे चहूकडे फटफटू लागल्यावर लॅपटॉपवर रात्रीच्या पहिल्या प्रहरातली आणि तीन तासांनंतरची अशा दोन जुळवलेल्या फ्रेम्स घेऊन एकाआड एक दाखवायला लावल्या. काका खुर्ची ओढून शेजारी बसले. आधी काहीच वेगळं दिसेना, सगळे तारे जागच्या जागी. मग गाभ्याच्या वरच्या अंगाला एक तारा उघडझाप करताना दिसला. मग त्याच्या डावीकडे दुसरा, पण उलट्या तालात. डोळा सरावला तसे ते सगळीकडेच दिसायला लागले, गाभ्याच्या कडेला तर एकमेकांना लागून तीन.

"हा बघ, हा चढतोय," काका म्हणाले. त्यांनी बोट ठेवलेला तारा घेऊन रात्रभराच्या फ्रेम्समधून त्याचा प्रकाश मोजला. मध्यरात्रीपर्यंत तो खाली पडून होता, मग दीड-दोन तासांत सरसर वर गेला आणि पहाटेपर्यंत हळूहळू उतरायला लागला होता. चढताना तो निळसर झाला, उतरताना पुन्हा पिवळट. हा तारा आपला आकार फुगवतो, आक्रसतो, आणि त्याबरोबर तापमानही बदलतं. सोबतच्या पडताळणी ताऱ्यांची रेघ मात्र सपाट होती. काका ती चढणारी रेघ कितीतरी वेळ बघत होते. चित्रवहीत त्यांनी एम ३ पूर्वी अनेकदा काढला आहे, पण त्यातला कुठला ठिपका हा, ते शोधायला ते लगेच जुनी पानं उलटायला लागले.

परतीचा दिवस

आवराआवरीच्या आधी सगळी चित्रं एकाच मापात एका पानावर मांडली. ओमेगा सेंटॉरी चौकट भरून आणि कडेने चपटा. एम ४ पिवळा, विरळ, मध्ये पट्टी. एम ८० जेमतेम पानाच्या मधोमध, पण झगझगीत. एम ५ च्या साखळ्या एका अंगाला झुकलेल्या. एम २२ आकाशगंगेत मिसळलेला. एम १३ निळ्या ताऱ्यांनी भरलेला आणि एका बाजूला पट्ट्यांनी चिरलेला. एम ३ अधिक सोनेरी, गाभा नीट गोल. नावं झाकून काकांना पान दाखवलं. त्यांनी एकेकावर बोट ठेवत सगळी नावं न अडखळता सांगितली.

पानावर दोन चौकोन रिकामे ठेवले आहेत, एम २ आणि एम १५ यांचे. ऑक्टोबरच्या अमावस्येला ते दोघंही रात्री आठच्या सुमाराला याम्योत्तरावर असतात. एम १५ च्या गाभ्याजवळ फ्रान्सिस पीझ यांनी १९२८ साली शोधलेला एक चिमुकला ग्रहीय तेजोमेघ, म्हणजे मरणाऱ्या ताऱ्याने सोडलेल्या वायूचं कवच, आहे. तो ताऱ्यांच्या गर्दीतून वेगळा काढायचा तर ऑक्सिजनचा अरुंद फिल्टर लावून एक संच आणि फिल्टरशिवाय दुसरा संच घ्यायचा, आणि दोन्हींत तुलना करायची. फिल्टरमधून तारे मंद होतात, तेजोमेघ होत नाही. एवढ्या छोट्या ठिपक्याला ०.७८ ची मोजपट्टी अपुरी पडेल, म्हणून त्या एका कामासाठी बार्लो हे प्रतिमा मोठी करणारं भिंग लावून वेगळं चित्र घेणार आहे. पानावरच्या चौकोनात मात्र एम १५ बाकीच्यांच्याच मापात बसेल.